रस्त्याखालून पाइप नेताना : आधी विचार, मग बोअर



शेतकी विभागात येणारा सभासद पूर्वी तीन गोष्टी विचारीत असे : बेणे कधी मिळणार, खताची उचल किती आणि तोडीची पाळी केव्हा. अलीकडे त्यात चौथ्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, रोडखालून पाइप न्यायचा हाय. आडवा बोअर मारनारा माणूस सांगा ना." हा प्रश्न इतक्यांदा कानावर येतो की एकेकाला तोंडी उत्तर देण्यापेक्षा सर्वांसाठी एकदाच लिहावे असे ठरविले. लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. या कामात माझ्या सल्ल्याने चार सभासदांचे नुकसान झाले आहे. ते लपवून उपदेश करणे बरे नव्हे.

हा प्रश्न आपल्याच भागात एवढा का, ते आधी पाहू. अकोट तालुक्याची रचना आपणा सर्वांना ठाऊक आहे. उत्तरेला सातपुडा, त्याच्या पायथ्याशी गोड पाण्याच्या विहिरी, केळी आणि संत्री. तेथून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेले की खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. जमीन काळी, खोल आणि दिसायला सोन्यासारखी, पण खालचे पाणी खारे. ते उसाला दिले तर पहिल्या वर्षी पीक बरे दिसते, मग जमीन चोपण होत जाते. म्हणून ज्याला या पट्ट्यात ऊस करायचा, त्याला गोड पाणी लांबून आणावे लागते आणि ते आणायचे तर पाइप आला. पाइपाच्या वाटेत डांबरी रस्ता येतो, नाला येतो, कुठे रेल्वेची लाइन येते. अकोला-अकोट मीटरगेज २०१७ साली बंद झाली. २०२२ च्या नोव्हेंबरपासून त्याच मार्गावर ब्रॉडगेजची गाडी धावू लागली. ज्यांची वावरे लाइनीच्या दोन्ही अंगांना आहेत त्यांना नवा भराव म्हणजे काय ते सांगायला नको.

रस्ता ओलांडण्याची जुनी पद्धत आपण सगळे जाणतो. रात्री जेसीबी बोलवायचा, चर खणायचा, पाइप टाकायचा आणि सकाळपर्यंत माती लोटून मोकळे व्हायचे. पहिल्या पावसात तो चर खचतो. मग त्याच खड्ड्यात आपल्याच उसाची ट्रॉली आदळते आणि धुरी मोडते. नुकसान पुन्हा आपल्याच घरचे. परवानगीवाचून रस्ता फोडणे हा गुन्हा आहे ही गोष्ट तर वेगळीच. तेव्हा रस्ता न फोडता खालून पाइप नेणारे मशीन आले हे चांगलेच झाले. माझा विरोध मशीनला नाही, आंधळेपणाने भोक पाडण्याला आहे.

हे मशीन काम कसे करते ते थोडक्यात सांगतो. १९७१ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात वॉटसनव्हिल गावाजवळ पाजारो नदीखालून या रीतीने पहिली नळी नेली गेली. मार्टिन चेरिंग्टन नावाच्या ठेकेदाराने ते काम केले. पद्धत आजही तीच आहे. पहिल्या टप्प्यात मशीन रस्त्याच्या एका बाजूला तिरपे उभे करून बारीक भोक पाडतात. रॉडच्या टोकाचे पाते एका बाजूला तासलेले असते. ते फिरवीत ढकलले की सरळ जाते आणि न फिरवता ढकलले की वळते. पात्यामागे एक छोटा यंत्रपेटारा असतो. त्याचा संदेश वर चालणारा माणूस हातातल्या यंत्रावर घेतो आणि टोक कुठे व किती खोल आहे ते सांगतो. दुसऱ्या टप्प्यात पलीकडच्या बाजूने रीमर लावून भोक रुंद करीत आणतात. तिसऱ्या टप्प्यात त्या भोकातून पाइप ओढून घेतात. या सगळ्या वेळात भोकात बेंटोनाइट मिसळलेल्या पाण्याची पातळ राड फिरती ठेवतात. ती कातलेली माती बाहेर आणते, भोकाच्या भिंती धरून ठेवते आणि पाइपाला वंगण देते. या कामाचा जीव त्या राडीत आहे, मशीनमध्ये नाही. ही गोष्ट मला उशिरा कळली.

आता माझी चूक सांगतो. खारपाणपट्ट्यातल्या एका गावच्या चार सभासदांनी मिळून उत्तरेकडच्या विहिरीवरून लाइन आणली. रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नाल्या धरून साठ मीटरचा आडवा बोअर होता. दोन ठेकेदारांचे भाव आले. एकाचा भाव जास्त होता आणि तो गोड पाण्याचे टँकर वेगळे मागत होता. दुसरा म्हणाला, "पानी कोनतंही चालते, इथल्याच बोअरचं घेऊ." मला वाटले, पहिला पैसे उकळतो आहे. मी सभासदांना दुसऱ्याचे नाव सुचविले. महिना मे होता. उसाची लागण उभी होती.

टाकीत बेंटोनाइट ओतले तेव्हाच ओळखायला हवे होते. थोड्या वेळाने पाहिले तर वर नितळ पाणी आणि खाली तळाशी गाळ. राड झालीच नव्हती. बेंटोनाइट ही मुळात फुगणारी माती. गोड पाण्यात ती फुगते आणि दाट होते. खाऱ्या व जड पाण्यात ती फुगत नाही, गोळा होऊन खाली बसते. तरीही काम चालू राहिले. भोक पडले, पण आतली काळी माती बाहेर आलीच नाही. ती रीमरला पुरणासारखी चिकटली. पाइप ओढताना चाळीस मीटरवर अडकला. ऑपरेटरने जोर लावला आणि कसाबसा बाहेर काढला. संध्याकाळ झाली होती, सगळ्यांना घाई होती. पाइप मापात कापला, फ्लँज आवळली आणि मंडळी घरी गेली.

सकाळी पाहतो तर जोड उघडा पडलेला आणि पाइप मातीत आत सरकलेला. त्याचे कारणही नंतर समजले. एचडीपीई पाइप काळा असतो आणि मेच्या उन्हात हात लावू देत नाही इतका तापतो. जमिनीखाली गेला की थंड होतो आणि आखडतो. शंभर मीटर पाइप २० अंशांनी थंड झाला तर सुमारे ४० सेंटिमीटर आखडतो. आमचा पाइप साठ मीटर होता, पण उतार ३० अंशांचा धरला तर फूटभर तिथेच गेला. त्यात तो जोराने ओढून ताणलेला. ताण सुटला की ओढलेला पाइप हळूहळू मागे येतो. तुकडा आणून जोड दुरुस्त करीपर्यंत आठ दिवस गेले. पाणी सुरू केले तर आतल्या भागातून गळती. पाइप ओढताना कुठेतरी घासून कापला गेला होता. शेवटी दुसरा बोअर मारावा लागला.

त्या अवधीत चौघांपैकी एकाचे पंधरा गुंठे जळाले, बाकीच्यांचा ऊस कांड्यांत बसला. पावसाळ्यात पहिल्या बोअरच्या वर रस्ता ताटलीसारखा खचला आणि दुरुस्तीचा खर्च सभासदांच्या माथी आला. त्यांच्यातले वडील गृहस्थ मला एवढेच म्हणाले, "साहेब, तुमी म्हटलं म्हनून केलं ना आमी." त्यांनी आवाज चढविला असता तर मला बरे वाटले असते.

यातून जे शिकलो ते आता क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट, आडवा बोअर हवाच का ते ठरवा. कच्चा पाणंद रस्ता असेल तर ग्रामपंचायतीला विचारून दिवसाउजेडी चर खणा, पाइप टाका आणि थर देऊन माती धुमसा. त्यासाठी मशीन आणणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे. तसेच पोपटखेडच्या बाजूला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी जमिनीत गोटे आणि मुरूम आहे. सुट्या गोट्यांत भोक उभे राहत नाही आणि टोक भलतीकडे वळते. तिथे आडव्या बोअरचा हट्ट धरू नका. रस्त्याखाली आधीची मोरी असेल तर परवानगी घेऊन तिच्यातून जाता येते का ते पाहा. दक्षिणेची काळी जमीन या कामाला चांगली, पण तिचे नखरे सांभाळले तर.

दुसरी गोष्ट, जमिनीखाली आधीच काय काय आहे ते शोधा. वाण धरणावरून आलेल्या ८४ खेडी योजनेच्या नळवाहिन्या आपल्या भागातून जातात. खारपाणपट्ट्यातल्या कित्येक गावांचे पिण्याचे पाणी त्यांच्यावर आहे. आपल्या उसासाठी आपल्याच लेकीबाळींचा हंडा रिकामा करायचा नाही. शिवाय टेलिफोनच्या केबली आणि विजेच्या तारा आहेत. केंद्र सरकारने २०२३ साली 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप याचसाठी सुरू केले. त्यावर कळवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. गावातला नळवाला, लाइनमन आणि जुना मुकादम यांना जागेवर आणा. जिथे आपला पाइप दुसऱ्या नळीला आडवा जाणार तिथे हाताने खड्डा घेऊन ती नळी डोळ्यांनी पाहा. कागदावरची रेघ आणि जमिनीतली नळी यांची क्वचितच गाठ पडते.

तिसरी गोष्ट, परवानगी. रस्ता ज्या खात्याचा त्याची लेखी परवानगी घ्या. राष्ट्रीय महामार्गाच्या नियमांत पाइपाचा किंवा त्यावरच्या केसिंगचा माथा रस्त्याच्या पृष्ठभागाखाली निदान १.२ मीटर असावा असे आहे. आडव्या बोअरला त्याहून खोल जावे लागते. पाइपाच्या जाडीच्या दहापट माती वर असावी हा ढोबळ हिशेब ध्यानात ठेवा. रेल्वेखालून तर त्यांच्या मंजुरीशिवाय आणि त्यांच्या माणसाच्या देखरेखीशिवाय एक रॉडही घालायचा नाही. पाटसूलच्या पुढे असो की अलीकडे, गाडी सगळ्यांची आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : पाणी. बोअरच्या कामाला गोड पाणीच वापरा. टँकरचा खर्च धरूनच भाव करा. पाण्याचा सामू ८.५ ते ९.५ च्या दरम्यान हवा. जडपणा असेल तर आधी धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश, टाकून तो मारतात आणि मग बेंटोनाइट घालतात. मात्र सोड्याने जडपणा जातो, खारटपणा जात नाही. खारे पाणी ते खारेच राहते. सभासदाने स्वतः करण्याजोगी परीक्षा सोपी आहे. बादलीत राड कालवा आणि तासाभराने पाहा. वर नितळ पाणी सुटले तर मशीन सुरू करू देऊ नका.

इथे आणखी एक गंमत आहे. आपली काळी माती आणि बेंटोनाइट ही एकाच कुळातली. दोन्ही पाण्याने फुगतात. म्हणून नुसती राड चांगली असूनही भागत नाही. काळ्या मातीत भोकाच्या भिंतीच फुगून पाइपाला आवळतात. ते टाळण्यासाठी राडीत पॉलिमर घालतात. त्याने मातीच्या कणावर साय धरल्यासारखे होते आणि पाणी आत शिरत नाही. ठेकेदाराला विचारा, "पॉलिमर कोणते टाकणार?" त्याने उत्तर दिले नाही तर समजून घ्या की याने काळ्या मातीत काम केलेले नाही.

पाचवी गोष्ट, भोकाचा आकार आणि वेग. भोक पाइपाच्या जाडीच्या साधारण दीडपट असावे. कमी असेल तर पाइप अडकतो, फार जास्त असेल तर वरचा रस्ता बसतो. काम सुरू असताना मशीनपाशी उभे राहा आणि राड परत येते की नाही एवढेच पाहा. जेवढी आत गेली तेवढी बाहेर यायला हवी. येणे थांबले तर याचा अर्थ ती दुसरीकडे वाट काढते आहे. मे महिन्यात आपल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. त्या भेगांतून राड वर येते, कधी रस्त्यावर, कधी शेजाऱ्याच्या वावरात. अशा वेळी दाब वाढवायचा नाही, थांबायचे. शक्य असेल तर हे काम ऐन उन्हाळ्यात न काढता दिवाळीनंतर काढावे. तेव्हा भेगा मिटलेल्या असतात आणि घाईही नसते.

सहावी गोष्ट, खोली मोजण्याचे यंत्र. लोखंडी सळ्या, रेल्वेचे रूळ आणि विजेच्या तारा जवळ असल्या की ते फसते हे पुष्कळांना ठाऊक आहे. खाऱ्या ओल्या मातीतही त्याचा संदेश दबतो, हे कमी लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडे दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्याच जागी, माहीत असलेल्या अंतरावर यंत्र जुळवून घ्यायला सांगा.

सातवी गोष्ट, पाइप. ओढायला एचडीपीईच हवा, आयएस ४९८४ चा शिक्का पाहून घ्यावा. सोल्युशनने चिकटविलेला पीव्हीसी पाइप ओढ सहन करीत नाही, जोडातून सुटतो. पीव्हीसीच वापरायचा तर आधी मोठा एचडीपीई पाइप केसिंग म्हणून ओढा आणि त्यात तो सरकवा. तापवून केलेले जोड ओढण्यापूर्वी पाण्याच्या दाबावर तपासा आणि ओढल्यावर पुन्हा तपासा. पाइप काकऱ्यांवरून फरफटत नेऊ नका, खाली रोलर किंवा निदान ओले पोते घाला. ओढून झाल्यावर दोन्ही बाजूंना मीटरभर जास्त ठेवा आणि निदान एक रात्र त्याला निजू द्या. दुसऱ्या दिवशी कापा, मग जोडा. माझ्या चार सभासदांना ही एक रात्र कोणी सांगितली असती तर निदान तो जोड तरी उघडा पडला नसता.

आठवी गोष्ट, उरलेली राड. ती वावरात किंवा नाल्यात सोडायची नाही. आपल्या जमिनी आधीच चोपण होण्याच्या काठावर आहेत, त्यात सोडियमची माती आणखी घालणे म्हणजे आगीत तेल. ठेकेदाराने ती भरून न्यावी असे करारात लिहा. रस्त्याखालचा पाइप मध्ये खाली वाकलेला असतो हेही विसरू नका. तिथे गाळ बसतो आणि दोन्ही बाजूंच्या उंच जागी हवा अडकते. उंचीवर एअर व्हॉल्व्ह आणि धुण्यासाठी एक तोंड ठेवले नाही तर दोन वर्षांत "पानी कमी येते" ही तक्रार ठरलेली.

हे सर्व एकेका शेतकऱ्याला जमेल का? माझे स्पष्ट मत आहे की जमणार नाही आणि जमू नये. एकाच किलोमीटरात पाच सभासद पाच बोअर मारतात, पाच ठेकेदार आणतात आणि पाच जणांना पाच धडे मिळतात. त्यापेक्षा आठ-दहा सभासदांनी मिळून एकच मोठे केसिंग रस्त्याखालून न्यावे आणि त्यातून आपापले पाइप ओढून घ्यावेत. पुढे कोणाचा पाइप बदलायचा झाला तर रस्त्याला हात लावावा लागणार नाही. या कामी शेतकी विभागाने तीन गोष्टी कराव्यात असे मी सुचवितो. एक, ठेकेदाराशी करायच्या कराराचा छापील नमुना सभासदांना द्यावा. त्यात गोड पाणी, दोन वेळची दाबचाचणी आणि एक पावसाळा उलटेपर्यंत दहावा हिस्सा रक्कम राखून ठेवणे ही कलमे असावीत. दोन, प्रत्येक ओलांडणीचा नकाशा, खोली आणि दिशा लिहून ठेवणारी वही गटकार्यालयात असावी. आज आपण टाकलेली नळी उद्या दुसऱ्याच्या बोअरला आडवी येणार आहे. तीन, काम सुरू असताना विभागाचा एक माणूस जागेवर हजर असावा.

यावर काही जण म्हणतील, कारखान्याचे काम ऊस घेणे, पाइप टाकणे नव्हे. त्यांना माझे नम्र उत्तर असे की खारपाणपट्ट्यात पाणी पोचल्याशिवाय ऊसच उभा राहत नाही. बेणे आपण देतो, खत देतो आणि नेमके ज्यावर सगळे अवलंबून आहे ते मात्र नशिबावर सोडतो. दुसरे काही म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर भाव वाढेल. वाढेल खरा. पण त्या चौघांनी स्वस्त बोअरचे पैसे दिले, मग दुसऱ्या बोअरचे दिले, मग रस्त्याचे दिले आणि वाळलेल्या उसाचे कोणी भरून दिले नाही. स्वस्त कोणते ते आपणच ठरवावे.

मी शेतकी पदविकेचा माणूस. उसाची कांडी पाहून रोग सांगू शकतो, पण जमिनीखालचे मला दिसत नाही. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिथे विचारावे, हे मी चाळिशी उलटल्यावर आणि दुसऱ्याच्या पैशाने शिकलो. वरील सूचनांचा विषय येत्या वार्षिक सभेत मांडावा अशी संचालक मंडळाला विनंती आहे. ज्या सभासदांनी असे बोअर केले आहेत त्यांनी आपले बरेवाईट अनुभव गटकार्यालयात येऊन सांगावेत. वहीचे पहिले पान मी भरले आहे आणि त्यावर माझीच चूक लिहिली आहे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी, अकोट